सुटे भाग

आमच्या घरामागच्या पडवीत एक मोटार एकवीस वर्षे सुट्या भागांच्या रूपाने नांदत होती. लोखंडी सांगाडा भिंतीला टेकून उभा, चाके आढ्याच्या खुंट्यांना टांगलेली, इंजिन लाकडी घडवंचीवर जुन्या धोतराखाली झाकलेले, आणि उरलेली सारी गाडी ६३ डब्यांत. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, वनस्पती तुपाचे डबे, पेढ्यांचे खोके, चहाच्या पेट्या. घरी आलेल्या पाहुण्याला आम्ही पडवीत मोटार आहे असे सांगत असू, आणि पाहुणा आत डोकावून विचारीत असे, ‘‘कुठे आहे?’’

ती एम.जी. कंपनीची टीडी जातीची दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटार. इंग्लंडातील ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत अशा २९,६६४ मोटारी तयार झाल्या. दुसऱ्या महायुद्धाने खचलेल्या इंग्लंडला परकीय चलन हवे होते, म्हणून त्यांतील बहुसंख्य थेट अमेरिकेला रवाना झाल्या. थोड्या इतर देशांत पोहोचल्या. आमची १९५१ सालची. इंजिन अवघे १,२५० घनसेंटिमीटरचे, शक्ती ५४ अश्वबळ. आजची लहानशी कुटुंबवत्सल मोटारही तिला सहज मागे टाकील. तथापि लांबट नाक, लाटेसारखे चिखलरोधक, मागे टांगलेली चौकोनी पेट्रोल टाकी आणि उलट्या बाजूने उघडणारी बुटकी दारे पाहिली की वेगाचा प्रश्न मनात उरत नाही.

माझ्या यजमानांनी ती १९९३ साली एका जुन्या घराण्याच्या गोठ्यातून विकत घेतली. तेव्हाही ती चालत नव्हती. तिच्या आसनांत उंदरांनी संसार थाटला होता. यजमान औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर शाखेचे निदेशक होते. लोखंडावर त्यांचा जीव, आणि शिस्त तर हाडांत मुरलेली. दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी ते एकेक भाग सोडवीत गेले, रॉकेलने धूत गेले, ग्रीस लावून डब्यात ठेवीत गेले. १९९६ साली सारे उकलून झाले आणि जोडणीची वेळ आली, तेव्हा संसाराने आपला हात पुढे केला. सासूबाईंचे दुखणे, मुलीचे शिक्षण, घराचा वरचा मजला. ‘‘पुढच्या उन्हाळ्यात’’ हे त्यांचे ठरलेले उत्तर असे. असे अठरा उन्हाळे गेले. २०१४ च्या पावसाळ्यात ते स्वतःच गेले.

डबे मात्र मुके नव्हते. प्रत्येक डब्यात, आणि डब्यातील प्रत्येक पुडीत, त्यांच्या तिरप्या, नेटक्या अक्षरातील चिठ्ठी होती. संस्थेतल्या जुन्या हजेरीपत्रकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी त्या केल्या होत्या. ‘पुढचा ब्रेक, डावा. स्प्रिंगची आकडी आतल्या बाजूस.’ ‘डोक्याचे नट, दहा. क्रमाने आवळणे, मधून बाहेर.’ ‘हे बोल्ट बाजारात मिळत नाहीत. जपणे.’ एका चिठ्ठीवर फक्त एवढेच: ‘आज पाऊस. अर्धे धुतले.’ त्या चिठ्ठ्या वाचता वाचता मला कळले, की त्यांनी मोटार नुसती उकलली नव्हती; ती पुन्हा जोडणारा कोणी तरी गृहीत धरला होता.

२०१७ साली आमच्या भाऊजींनी मुंबईचे एक गिऱ्हाईक आणले. भाऊजी म्हणजे यजमानांचे धाकटे बंधू. त्यांचे घर आमच्या घराला लागूनच. ‘‘वहिनी, चार लाख देतो म्हणतोय. डबे जसेच्या तसे उचलून नेणार. पडवी मोकळी होईल, आणि मलाही हातभार लागेल.’’ त्यांचे म्हणणे रास्त होते. मोटार घेताना थोडे पैसे सामाईक दुकानातून गेले होते आणि पुढे झालेल्या वाटणीच्या कागदात तिचा उल्लेखच राहिला होता. त्यांच्या मुलाच्या शिक्षणाचे कर्ज डोक्यावर होते. शिवाय ज्या वस्तूचा कोणाला उपयोग नाही ती धरून ठेवण्यात अर्थ काय, या प्रश्नाला माझ्याकडेही तयार उत्तर नव्हते.

मी पाच वर्षांची मुदत मागितली. पाच वर्षांत मोटार स्वतःच्या चाकांवर अंगणाबाहेर गेली नाही, तर मिळेल त्या किमतीला विकायची आणि निम्मे पैसे त्यांचे. गेली, तर आज ठरलेल्या चार लाखांचे निम्मे, दोन लाख, मी त्यांना माझ्या निवृत्तिवेतनातून द्यायचे. भाऊजी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षे विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते, वय अठ्ठावन्न. शेवटी ते म्हणाले, ‘‘बरं. पण लिहून ठेवू.’’ आम्ही लिहून ठेवले. दोन घरांतला गोडवा टिकवायचा असेल तर हिशेब कागदावर असावा, असे माझे सासरे म्हणत.

पहिला धडा पान्यांचा. आमच्या हत्यारपेटीतला एकही पाना इंजिनाच्या बोल्टांना धड बसेना. त्यामागची कथा मोठी मौजेची आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे कारखाना काढला. तिची यंत्रे अर्थातच मीटरच्या मापावर आटे पाडणारी. १९२३ साली हा कारखाना मॉरिस उद्योगाने घेतला, आणि यंत्रे बदलण्यापेक्षा मापच चालू ठेवणे त्यांना सोयीचे वाटले. मात्र इंग्लंडभर गॅरेजांतून पाने होते ते व्हिटवर्थ मापाचे. म्हणून बोल्टाचे आटे मिलिमीटरचे आणि डोके व्हिटवर्थचे, अशी दुहेरी तऱ्हा रूढ झाली. आमचे इंजिन त्याच परंपरेतले. त्यातून व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसतो, बोल्टाच्या दांड्याचा असतो; नवख्याने मोजपट्टी लावली की तो गोंधळलाच.

बाजारातला आठ मिलिमीटरचा बोल्ट घ्यावा, तर त्याच्या दोन आट्यांतील अंतर सव्वा मिलिमीटर; आमच्या इंजिनाला हवे एक मिलिमीटर. असा बोल्ट दोन वेढे आत जातो आणि अडतो. कोणी जोर लावला तर सत्तर वर्षांपूर्वीचे आटे खरवडून निघतील. ‘हे बोल्ट बाजारात मिळत नाहीत. जपणे.’ या चार-पाच शब्दांमागे केवढे ज्ञान होते ते मला त्या दिवशी उमगले. व्हिटवर्थ पाने शेवटी कोल्हापूरच्या जुन्या बाजारात किलोच्या भावाने मिळाले.

कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर आमच्या जयसिंगपूरहून चाळीसेक किलोमीटर. पुढची तीन वर्षे ती माझी दुसरी शाळाच झाली. या वेळी मी बाकावर आणि शिकवणारे मेस्त्री. या गावाला यंत्राचे वेड जुनेच. बाबूराव पेंटरांनी येथेच खटपट करून १९१८ साली स्वदेशी चलच्चित्र कॅमेरा सिद्ध केला आणि त्यावर पुढे ‘सैरंध्री’ चित्रित केला. शेतीच्या तेल इंजिनांचे सुटे भाग ओतणाऱ्या आणि घडविणाऱ्या भट्ट्या व लेथ यांनी हा परिसर नांदता ठेवला. परदेशातून वस्तू मागविण्यापूर्वी ‘ही आपल्याला करता येईल का?’ असा प्रश्न विचारण्याची सवय इथल्या हवेतच आहे. नगरचे दसऱ्याचे वैभव म्हणून मिरवणुकीत निघणारी संस्थानची मेबॅक मोटार आपण कौतुकाने पाहतो. पण अशा मोटारी ज्यांच्या हातांमुळे चालत्या राहतात ते हात पाहायचे असतील तर उद्यमनगराच्या गल्लीत शिरावे.

इंजिन गच्च बसलेले होते. दट्टे सिलिंडरला धरून राहिले होते. मेस्त्री म्हणाले, ‘‘बाई, घाई करायची नाही. डिझेल आणि ऑइल मिसळून वरून ओता आणि विसरून जा.’’ रोज संध्याकाळी मी चार छिद्रांत थोडे थोडे मिश्रण घालीत असे आणि हँडलवर हलकासा भार देऊन पाहत असे. एकोणिसाव्या दिवशी हँडल बोटभर हलले. मी कोणाला हाक मारली नाही. पुन्हा एकदा हलवून खात्री केली आणि चहा ठेवायला आत गेले.

उकलल्यावर सिलिंडरची झीज मोजली. मापाची भाषा तेथे ‘थाऊ’ची, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सिलिंडर वाढवून घेतले, त्याला जुळणारे दट्टे व कड्या इंग्लंडहून मागविल्या, क्रँक घासून घेतली. ही कामे यंत्राशिवाय होणारी नाहीत, ती कारखान्यातच करावीत. पण आठ झडपा त्यांच्या बैठकींवर बसविण्याचे काम मी घरी केले. झडपेला काठी चिकटवायची, कडेला घासणीचा लेप लावायचा आणि दोन्ही तळव्यांत काठी धरून, ताक घुसळताना रवी फिरवावी तशी मागेपुढे फिरवायची. अधूनमधून झडप उचलून थोडी वळवायची, नाहीतर एकाच जागी चर पडतो. बैठकीवर मंद करड्या रंगाचे, सर्वत्र सारख्या रुंदीचे कडे उमटले की काम झाले. मग मार्गात रॉकेल ओतायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी थेंबही झिरपला नसेल तर झडप बसली. आठ झडपांना मला अकरा संध्याकाळी लागल्या. लहानपणी आजीजवळ बसून घुसळलेले ताक असे कामी येईल असे वाटले नव्हते.

येथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. या इंजिनांच्या काळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे आणि ते झडपांच्या बैठकींना झिजेपासून वाचवीत असे. आपल्या देशात २००० सालापासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले, आणि ते आरोग्याच्या दृष्टीने योग्यच झाले. म्हणून बाहेर सोडणाऱ्या झडपांना आम्ही कठीण पोलादाच्या नव्या बैठका बसविल्या. आता इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे. ते जुन्या जातीचे रबर फुगवते, ठिसूळ करते. तेव्हा पेट्रोलच्या साऱ्या नळ्या आणि पडदेही बदलले. जुन्या वस्तूला आजच्या जगात जगवायचे तर थोडे तिच्या कलाने आणि थोडे जगाच्या कलाने घ्यावे लागते.

या मोटारीचा वरचा देह पत्र्याचा दिसतो, पण पत्र्याच्या आत लाकडी चौकट असते. मूळची चौकट ॲश नावाच्या इंग्लंडी वृक्षाची. आमच्या गाडीत तिचे वाळवीने पीठ केले होते. सागवान वापरावे असे बहुतेकांनी सुचविले. आमच्या शिरोळ भागात बैलगाड्या घडविण्यात हयात गेलेले एक सुतारमामा आहेत. त्यांनी उरलासुरला तुकडा हातात घेतला, नखाने उकरला, वाकवून पाहिला आणि विचारले, ‘‘हे लाकूड तिकडं आणखी कशाला वापरत्यात?’’ मी वाचलेले सांगितले: कुऱ्हाडीचे आणि हातोड्याचे दांडे, गाड्यांची चाके. मामा हसले. ‘‘मग ही तिकडची बाभळच की. सागवान देखणं खरं, पण दणका सोसायला बाभळ.’’ आमच्याकडे औताला, दांड्यांना आणि चाकांना बाभळच लागते, हे मला ठाऊक होते. पण दोन देशांच्या दोन झाडांतील हे नाते ओळखायला मामांचे नखच हवे होते. जुन्या तुकड्यांवरून पुठ्ठ्याचे साचे कापले, तीन वर्षे सावलीत मुरलेल्या बाभळीतून चौकट घडली. ती आधी सांगाड्यावर बसवून, चाके लावून, गाडीचा भार चाकांवर देऊनच दारांच्या फटी जुळविल्या. हवेत जुळविलेले दार जमिनीवर आल्यावर लागत नाही.

आसने मूळची चामड्याची. ‘मूळ स्वरूप’ जपायचे म्हणणाऱ्या जाणकारांचा चामड्याबद्दल आग्रह असतो. आमच्या घरात चामड्याची चप्पलही येत नाही. तेव्हा या प्रश्नावर चर्चा झालीच नाही. मुलीने पुण्याहून गडद तांबड्या रेक्झिनचे नमुने आणले, आणि गावातल्या ज्या कारागिराने आमच्या शाळेच्या नाटकासाठी सिंहासन केले होते त्याच्याकडून जुन्या शिवणीप्रमाणे उभ्या घड्या घालून आसने करून घेतली. गंमत अशी, की या मोटारीचे कार्ब्युरेटर ज्या एस.यू. नावाने ओळखले जातात त्यातील ‘एस’ म्हणजे स्किनर. हे कुटुंब मूळचे पादत्राणांच्या धंद्यातले, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरात दट्ट्याऐवजी चामड्याचा भाता होता. पुढे त्यांनीच तो भाता काढून धातूचा दट्ट्या बसविला. सुधारणा कोणत्या दिशेने व्हावी याला काही नियम नाही.

हे कार्ब्युरेटर दोन, आणि त्यांची युक्ती साधी असूनही मनोहर. हवा ओढली गेली की पोकळी निर्माण होऊन दट्ट्या वर उचलला जातो. दट्ट्याला खाली निमुळती सुई असते. ती जितकी वर येईल तितकी पेट्रोलची वाट रुंदावते. म्हणजे हवा आणि इंधन यांचे प्रमाण यंत्र स्वतःच राखते. मात्र दोन्ही कार्ब्युरेटरांनी सारखीच हवा घ्यावी लागते, आणि ते जुळविण्याचे स्वस्तातले साधन म्हणजे रबराची नळी व मनुष्याचा कान. नळीचे एक टोक कानाशी, दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडचा फुत्कार एकसारखा ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. माझ्या कानांना तो फरक उमगेना. तेव्हा भाऊजी आठवले. ते भजनी मंडळात तीस वर्षे पेटी वाजवितात आणि पेटीचे सूर स्वतः लावतात. मी भिंतीवरून हाक मारली. ते आले, नळी कानाला लावली, डोळे मिटले. ‘‘वहिनी, मागचा चढा आहे. उतरवा. अजून थोडा. बास.’’ त्या दिवसापासून संध्याकाळी सहा वाजले की भिंतीपलीकडून विचारणा होऊ लागली, ‘‘आज काय काढलंय?’’

इंजिन प्रथम सुरू झाले ते २०२१ च्या डिसेंबरात. सुरू करण्यापूर्वी ठिणगीचे चारही प्लग काढून, ऑइलच्या पंपात ऑइल भरून, हँडलने इंजिन फिरवीत राहावे लागते. दाबाचा काटा हलल्याखेरीज ठिणगी द्यायची नाही, अशी यजमानांची चिठ्ठीच होती. काटा हलला. मग कळ फिरवली. पेट्रोलचा विजेचा पंप टक-टक-टक करू लागला. भांडी भरत आली तशी टकटक मंदावली आणि थांबली. भरलो आहे, असे ते यंत्र स्वतःच सांगते. मुलीने बटण ओढले. तिसऱ्या खेपेस इंजिन पेटले, धूर काढला, अडखळले आणि मग एका लयीत चालू लागले. दाबाचा काटा साठ पौंडांवर जाऊन टेकला. भाऊजी नळी हातात घेऊन उभे होते, पण ती कानाला लावायचे त्यांना सुचले नाही.

वाचकांना वाटेल, तो आनंदाचा परमावधी असेल. आनंद होताच. पण त्यासोबत दुसरे एक काही चार वर्षे वाढत होते, ते मला नीट सांगता येईल की नाही याची शंका आहे. एखादा भाग जोडला की त्याची चिठ्ठी मोकळी होई. आरंभी डबेच्या डबे चिठ्ठ्या होत्या. मग पुड्या विरळ होऊ लागल्या. मी गाडी पुरी करीत होते, आणि जी चिठ्ठी वाचायची राहिली आहे अशी चिठ्ठी रोज एकने कमी होत होती. माणूस गेल्यावर त्याचे नवे शब्द येत नाहीत. मला मात्र सात वर्षांनंतरही संध्याकाळी एखादा नवा शब्द मिळत होता. ‘गिअर पेटी: झाकण उघडण्याआधी खाली कापड पसरणे, गोळी पडते.’ मी कापड पसरी, आणि गोळी खरोखरच पडे. काही दिवस मी मुद्दाम हळू काम केले. दिव्यांच्या वायरिंगचा डबा सहा महिने उघडला नाही. मुदतीचे शेवटचे वर्ष सुरू होते, तरीही उघडला नाही.

हे मुलीच्या लक्षात आले. तिने काही समजावले नाही. रविवारी पुण्याहून येताना तिने लांब पानांची एक जाड वही आणली आणि म्हणाली, ‘‘आई, भाग बसला की चिठ्ठी इथे चिकटवायची. शेजारी तू लिहायचंस: कधी बसवला, कसा बसवला, काय अडलं. बाबांनी उकलणं लिहिलंय. जोडणं कुणी लिहिलेलं नाही.’’ त्या दिवशी वायरिंगचा डबा उघडला. वरच चिठ्ठी होती: ‘या गाडीत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला. आजच्या गाड्यांच्या उलट. विसरू नये.’ मी ती चिकटविली आणि शेजारी लिहिले, ‘विसरलो नाही.’

ब्रेकची जोडणी झाल्यावर मात्र माझ्या किंवा मुलीच्या हातावर विसंबायचे नाही असे ठरविले होते. चाकांतील झिजलेल्या सिलिंडरना आतून नवे अस्तर चढविले, नळ्या नव्या घातल्या, आणि मग दोन वेगवेगळ्या मेस्त्रींकडून ते सारे तपासून घेतले. घरी काम करणाऱ्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे आहे: रंग, शिवण, झडपा यांत हौस चालते, ब्रेक आणि सुकाणू यांत दुसऱ्याचे डोळे हवेतच.

२०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ मानली जाते. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक राखता येतो. आणि अशी गाडी प्रदर्शन, फेरी, तांत्रिक अभ्यास, इंधन व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नव्हे. अर्ज भरताना ‘मूळ स्वरूप’ या शब्दांशी मी बराच वेळ थांबले. दट्टे नवे, चौकट बाभळीची, आसने रेक्झिनची. मूळचे काय उरले? सांगाडा, इंजिनाचा ओतीव देह, पत्र्याचा बराच भाग, आणि ते न मिळणारे बोल्ट. यजमानांनी जपा म्हटलेला एकूण एक बोल्ट आपल्या जागी परत गेला आहे. मला वाटते, वस्तूचे मूळपण तिच्या प्रत्येक कणात नसते. ती ज्या पद्धतीने जोडली जावी अशी तिच्या कर्त्याची इच्छा होती, त्या पद्धतीत असते. घराण्यांचेही तसेच असावे. माणसे बदलतात, सुना परक्या घरांतून येतात, भिंती नव्या होतात. रीत चालत राहिली की घर तेच म्हणतात.

मुदत संपायला दीड महिना असताना, २०२२ च्या ऑगस्टात, मोटार स्वतःच्या चाकांवर अंगणाबाहेर गेली. चाचणी म्हणून मुलगी ती कुंभोजच्या रस्त्याने बाहुबलीच्या पायथ्यापर्यंत घेऊन गेली. शेजारच्या आसनावर आधी भाऊजी, परतताना मी. वेग चाळीसच्या वर नेला नाही. उसाच्या फडातून माणसे कोयते थांबवून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी मी लिहून ठेवलेला कागद काढला आणि दोन लाखांपैकी पहिल्या हप्त्याचा धनादेश भाऊजींसमोर ठेवला. ते म्हणाले, ‘‘वहिनी, आता हे राहू द्या. दादाच्या गाडीचे पैसे मी घेऊ?’’ मी म्हटले, ‘‘भाऊजी, मुलाचं कर्ज अजून फिटायचंय. आणि आपण लिहून ठेवलंय.’’ तीन हप्त्यांत ती रक्कम पुरी झाली. शेवटच्या पावतीवर त्यांनी सही केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिले, ‘सूर लावण्याची मजुरी माफ.’ ती पावतीही वहीत चिकटविली आहे.

इंजिनाच्या मागल्या टोकाला या जातीत ऑइल अडविणारे रबरी कडे नाही. फिरत्या दांड्यावर कोरलेला आटा ऑइल मागे ढकलतो, आणि गाडी उभी राहिली की थोडे थेंब गळतातच. मी खाली जुनी ताटली ठेवते आणि आठवड्याने पुसून घेते. ६३ डब्यांपैकी आता एकच उरला आहे. त्यात पितळेची बोटभर लांबीची एक पट्टी आहे, तिला दोन भोके. पुस्तकातील एकाही आकृतीत ती सापडत नाही, मेस्त्रींनाही ओळखता आली नाही, आणि गाडी तिच्याविना व्यवस्थित चालते. सोबतच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिले आहे, ‘हे कशाचे? पाहू.’ ही चिठ्ठी मात्र मी अजून वहीत चिकटविलेली नाही.